संगणकाच्या सिंथेसायझरला आपला गांधार कसा सांगायचा

तंबोरा नीट जुळला की कुणीही न छेडलेला एक सूर त्यातून ऐकू येऊ लागतो. तारा पंचमाच्या आणि षड्जाच्या, पण जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकण्याची जुळणी, चांगली लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गांधार उमटतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आता लॅपटॉपवरचा सिंथेसायझर त्याच षड्जाला लावा आणि शुद्ध गांधाराची पट्टी दाबून धरा. दोन गांधार एकमेकांवर बसत नाहीत. आवाज भरभर थरथरायला लागतो. मी हे पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा तार उतरली असं समजून तंबोरा दोनदा पुन्हा जुळवला. तार जागेवरच होती. लॅपटॉपचा गांधार चढा होता.

तो का चढा असतो आणि त्याला जागेवर कसं आणायचं, हे या लेखात सांगतो. सिंथेसायझरमधली स्वरांची जुळणी ही कुणीतरी आधी लिहून ठेवलेली एक ओळ असते. ती ओळ आपल्याला बदलता येते. हार्मोनियमच्या बाबतीत हेच काम करायला एकेक रीड घासावी लागते.

सोयीसाठी आपला सा २४० हर्ट्झवर धरू, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. कुठल्याही पट्टीशी तो जुळत नाही, पण त्याने आकडे सुटसुटीत होतात. श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवर, लिहिणाऱ्यांनीही म्हणूनच हा सा पुष्कळदा घेतला आहे.

तार कंप पावते तेव्हा ती एकच सूर देत नाही. २४० सोबत ४८०, ७२०, ९६०, १२०० असे पटीतले सूरही त्यात मिसळलेले असतात. त्यांना अधिस्वर म्हणू. पाचवा अधिस्वर १२००. तो दोन सप्तकं खाली आणला, म्हणजे चाराने भागला, की ३०० येतात. हाच स्वयंभू गांधार. सा २४०, ग ३००, म्हणजे ५/४ हे गुणोत्तर. पंचम ३/२, म्हणजे ३६०. मध्यम ४/३, म्हणजे ३२०. कानाला जे स्वर विसावल्यासारखे वाटतात त्यांची गुणोत्तरं अशी लहान आकड्यांची असतात.

सिंथेसायझर मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतो. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६३ पट. ही संख्या बारा वेळा स्वतःशी गुणली की बरोबर २ येतात, म्हणजे तार सा गाठला जातो. या हिशेबाने ग चौथ्या पायरीवर ३०२.३८ वर पडतो. पंचम ३५९.५९ वर येतो, ३६० च्या इतका जवळ की फरक जाणवत नाही. पण गांधारातला तो सव्वादोन-अडीच कंपनांचा फरक लपत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाचा अधिस्वर १२०० ला आणि सिंथेसायझरच्या गांधाराचा चौथा अधिस्वर १२०९.५ ला, आणि या दोघांची टक्कर सेकंदाला साडेनऊ वेळा होते. मी ऐकलेली थरथर तीच.

फरक मोजायला एक फूटपट्टी लागते. ती अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. सप्तकाचे १२०० भाग, प्रत्येक भाग एक सेंट. समान विभागणीत दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात, म्हणून तिचा ग ४०० सेंटवर. स्वयंभू गांधार ३८६.३ वर. अंतर साधारण पावणेचौदा सेंट. कंपनांत मोजलेला फरक वरच्या सप्तकात दुप्पट होतो, सेंटमध्ये मोजलेला तसाच राहतो. पुढचं सगळं काम सेंटमध्ये किंवा गुणोत्तरांत करायचं ते म्हणून.

समान विभागणी मूर्खपणाने आलेली नाही, हे इथेच सांगायला हवं. युरोपीय संगीतात एका रचनेत षड्ज बदलत राहतो. कुठलीही पट्टी सा मानली तरी बाकीचे अकरा सूर सारख्याच अंतरावर मिळावेत, ही त्यांची गरज होती. त्यासाठी त्यांनी थोडी थोडी चूक सगळ्या स्वरांत वाटून टाकली. आपल्याकडे सा मैफलभर हलत नाही. न हलणाऱ्या षड्जासाठी ही तडजोड पत्करायचं कारणच उरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये तो छापून प्रसिद्ध केला. त्यांच्याबरोबर काम करणारे अर्नेस्ट क्लेमेंट्स हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. त्यांनी श्रुति-हार्मोनियम घडवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवरच बंदी घातली, तेव्हाही ‘याचे सूर आपले नव्हेत’ हा आक्षेप त्यामागे होताच. त्या लोकांना लाकूड, भाता आणि पितळ्याच्या रीडांतून जे मिळवायचं होतं, त्यासाठी आज वीस ओळींची एक फाइल पुरते. म्हणून हे काम आपण शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पट्टी आणि सूर यांच्या मधली ओळ

कळफलकावर पट्टी दाबली की संगणकाकडे सूर जात नाही, एक क्रमांक जातो. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी या पद्धतीत पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक आहेत. मधला सी, म्हणजे पांढरी एक, हा ६०. मिडीच्या त्या क्रमांकात कंपनसंख्या कुठेच नसते. ‘६४ नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली’, एवढाच निरोप. त्या ६४ मधून किती हर्ट्झचा सूर काढायचा हे सिंथेसायझर ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा असं ठरवतो:

कंपनसंख्या = ४४० × २^((क्रमांक − ६९) ÷ १२)

हीच ती ओळ. यातला १२ म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. ६९ ही ४४० हर्ट्झची पट्टी, धरून चाललेली. यातलं काहीही निसर्गनियम नाही. १२ च्या जागी २२ घातले तर सप्तकाचे बावीस समान भाग होतात. (नाट्यशास्त्रकार भरताच्या बावीस श्रुती म्हणजे हे बावीस समान भाग नव्हेत. देवलांच्या तक्त्यात श्रुतींमधली अंतरं लहानमोठी आहेत. ही गल्लत वारंवार होते.) आणि सूत्र सरळ काढून टाकलं, त्या जागी आपल्या हाताने लिहिलेला तक्ता ठेवला, तर हवी ती जुळणी मिळते. पट्टी ६० असेल तर २४०, ६२ असेल तर २७०, ६४ असेल तर ३००. एवढंच.

ध्वनी घडवण्याच्या भाषांमध्ये हे अगदी उघड्यावर करता येतं. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटामध्ये क्रमांकाची कंपनसंख्या करणारा एक लहानसा डबा असतो, जेम्स मॅकार्टनी यांच्या सुपरकोलायडरमध्ये तेच काम करणारा एक शब्द आहे. दोघांची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी: क्रमांक पूर्णांकच हवा असं त्यांना वाटत नाही. ६४ ऐवजी ६३.८६३१ दिलं की गांधार पावणेचौदा सेंट उतरून जागेवर येतो. प्रयोगाला सुरुवात करायची तर ही सर्वांत सोपी वाट. फक्त सा तेव्हा २४० वर नसून पांढरी एकवर, २६१.६३ वर असेल.

बॅरी व्हर्को यांनी एमआयटीत १९८० च्या दशकात लिहिलेल्या सीसाऊंडमध्ये तर जुळणीचा तक्ता भरण्यासाठीच वेगळी सोय आहे, जेन ५१ नावाची. तिला ओळीने सांगायचं: सप्तकात स्वर किती (१२), किती पटीने तेच स्वर पुन्हा यायचे (२), मूळ सूर किती (२४०), तो कुठल्या पट्टीवर (६०), आणि मग गुणोत्तरं. इथे नवशिक्याचा हमखास अडकणारा पाय एकाच जागी अडकतो. ५१ च्या आधी उणे चिन्ह लागतं. सीसाऊंड एरवी कुठल्याही तक्त्यातल्या संख्या आपणहून १ च्या आत बसवतो. लाटांच्या आकारासाठी ते बरोबर आहे. पण आपल्या तक्त्यात २४०, ३००, ३६० असे सूर आहेत. ते १ च्या आत कोंबले की कानाला काहीच ऐकू येत नाही, आणि माणूस तासभर स्पीकरची वायर तपासत बसतो. उणे चिन्हाचा अर्थ ‘आकडे आहेत तसे राहू दे’.

दोन साध्या फाइली

प्रोग्रॅम लिहायचा नसेल तरी अडत नाही. मॅन्युएल ओप दे कुल या डच माणसाने स्काला नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याच्या फाइलीची मांडणी इतकी साधी ठेवली की आज बऱ्याच सिंथेसायझरना ती वाचता येते. सर्ज हा फुकट मिळणारा सिंथेसायझर त्यातलाच एक. ही फाइल म्हणजे नुसता मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येणारा. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत स्वरांची संख्या, पुढे दर ओळीला एक स्वर. सा लिहायचा नाही, तो गृहीत असतो. शेवटी तार सा लिहायचा:

माझं सप्तक
१२
१६/१५
९/८
६/५
५/४
४/३
४५/३२
३/२
८/५
५/३
९/५
१५/८
२/१

इथे मी आकडे देवनागरीत छापले आहेत. फाइलीत ते इंग्रजी आकड्यांनीच लिहा, नाहीतर सॉफ्टवेअरला वाचता येणार नाहीत. क्रम कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग असाच, कळफलकावर डावीकडून उजवीकडे.

गुणोत्तराऐवजी सेंटही लिहिता येतात, आणि त्यातही एक खड्डा आहे. आकड्यात दशांश टिंब असेल तर स्काला तो सेंट समजतो, टिंब नसेल तर गुणोत्तर. म्हणजे गांधारासाठी ३८६.० लिहिलं तर ठीक. टिंब विसरून नुसतं ३८६ लिहिलं तर त्याचा अर्थ षड्जाच्या ३८६ पट होतो. २४० च्या ३८६ पट म्हणजे ९२ हजारांच्या वर कंपनं, आणि माणसाचा कान वीसेक हजारांवर थांबतो. एक पट्टी मुकी झाली असं दिसलं की आधी टिंब शोधा.

या फाइलीत स्वरांतली अंतरं आहेत, सा कुठे लावायचा हे नाही. ते सांगायला कळफलकाच्या नकाशाची दुसरी फाइल असते: सा ६० नंबरच्या पट्टीवर, आणि त्या पट्टीचा सूर २४० हर्ट्झ. नकाशा दिला नाही तर बहुतेक सिंथेसायझर पांढरी एकलाच सा धरून चालतात. बिलावलाचे सातच स्वर फाइलीत लिहिले आणि नकाशा दिला नाही तर ते काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवर ओळीने पसरतात, आठव्याच पट्टीवर तार सा येतो, आणि बोटांची सगळी सवय चुकते. म्हणून सात स्वर हवे असले तरी बारा लिहिलेले बरे.

ही कुठलीच सोय नसलेला सिंथेसायझर असेल तर मागच्या दाराने जावं लागतं. सूर वाकवायचं जे चाक कळफलकाच्या डाव्या बाजूला असतं त्याचे संदेश प्रोग्रॅममधून पाठवायचे. चाक मध्यावर असताना त्याची किंमत ८१९२ असते, आणि चाक पूर्ण फिरवल्यावर सूर सहसा २०० सेंट हलतो. १३.६९ सेंट उतरायचं तर ५६१ पायऱ्या कमी, म्हणजे ७६३१. हा आकडा गांधाराच्या पट्टीआधी पाठवला की काम झालं. अडचण एवढीच की चाक मिडीच्या एका वाहिनीवरचे (चॅनेलवरचे) सगळे सूर एकदम हलवतं. गांधार आणि पंचम एकत्र धरले तर गांधारासाठी केलेली दुरुस्ती पंचमालाही लागते. मग प्रत्येक सुराला वेगळी वाहिनी द्यावी लागते, आणि मिडीत त्या सोळाच आहेत. अगदीच पर्याय नसेल तेव्हाच हे करावं असं माझं मत.

सूर बदलला, आवाजाचं काय?

जुळणी करून झाली, आता ऐकून पाहायची. इथे बहुतेक जण सिंथेसायझरची सर्वांत साधी लाट निवडतात, साइन लाट, आणि निराश होतात. समान विभागणीचा ग आणि ५/४ चा ग सारखेच वाटतात. कारण साइन लाटेला अधिस्वरच नसतात. टक्कर व्हायला १२०० आणि १२०९.५ ही दोघं हजर हवीत, तिथे दोघांपैकी कुणीच नाही. करवतीच्या दातांसारखी लाट घ्या, तिच्यात सगळे अधिस्वर भरलेले असतात. आणि कोरस, युनिसन, व्हायब्रेटो हे सगळं बंद करा. कोरस म्हणजे मुद्दाम घातलेली थरथर. तिच्याखाली तुमची पावणेचौदा सेंटची मेहनत पार बुडून जाते.

जरा पुढे विचार केला तर यात मोठी गोष्ट दडलेली आहे. ५/४ गोड लागतो तो त्या वाद्याचे अधिस्वर पूर्ण पटीत असतात म्हणून. अधिस्वरच वेगळ्या जागी असतील तर गोड अंतरंही वेगळी असतील. जावा आणि बालीच्या गामेलानमध्ये काशाच्या पट्ट्या आणि घंटा असतात, त्यांचे अधिस्वर पटीत नसतात. त्यांची स्लेंद्रो आणि पेलोग ही सप्तकं आपल्या कुठल्याच गुणोत्तरांत बसत नाहीत, शिवाय प्रत्येक गामेलानची जुळणी थोडी निराळी असते. बालीत तर जोडीची दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी लावतात. जी थरथर आपण घालवायला निघालो आहोत ती तिथे वाद्याचा जीव मानली जाते. विल्यम सेथारेस या अमेरिकन प्राध्यापकाने अधिस्वर आणि सप्तक यांचं हे नातं गणिताने मांडलं. त्याही आधी, १९७७ मध्ये, जॉन चाउनिंग यांनी संगणकावर एक रचना केली, तिच्यात सप्तक २ पटीवर पूर्ण न होता १.६१८ पटीवर पूर्ण होतं, आणि आवाजातले अधिस्वरही त्याच संख्येवर बांधलेले आहेत. ते सप्तक हार्मोनियमवर वाजवलं तर बेसूर वाटेल. चाउनिंग यांच्या आवाजात ते वाटत नाही. सतार किंवा तंबोरा घडवणाऱ्याला तारेचे अधिस्वर हवे तिथे नेता येत नाहीत. सिंथेसायझर लिहिणाऱ्याला दोन्ही गोष्टी हातात मिळतात: सूर कुठे लावायचा, आणि त्या सुराच्या पोटात काय भरायचं.

मींड आणि धैवत

आपल्या संगीतासाठी नुसता तक्ता पुरत नाही, कारण गायक स्वरांवर उड्या मारत नाही, एकातून दुसऱ्यात सरकतो. प्रोग्रॅममध्ये मींड लिहिताना सूर हर्ट्झमध्ये सरकवायचा की सेंटमध्ये, हे आधी ठरवावं लागतं. मध्य सा २४०, तार सा ४८०. हर्ट्झमध्ये सारख्या वेगाने गेलं तर अर्ध्या वेळात ३६० येतात, म्हणजे पंचम. सेंटमध्ये सारख्या वेगाने गेलं तर अर्ध्या वेळात ३३९.४, म्हणजे तीव्र मध्यम. पहिल्या पद्धतीत मींड सुरुवातीला धावते आणि वर जाऊन रेंगाळते. कानाला सरळ वाटणारी चाल दुसरी. मी नेहमी सेंटमध्येच लिहितो, आणि मग वळणाचा आकार हाताने बदलतो.

शिवाय गवयाचा गांधार एका बिंदूवर खिळलेला नसतो. नझीर जयराझभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये हिंदुस्थानी संगीतातले स्वर यंत्राने मोजून दाखवले, तेव्हा एकाच रागात एकच स्वर कमीजास्त होताना आढळला. तक्त्यात आपण लिहितो ती स्वराची बसायची जागा. तिथे तो कसा येतो आणि किती डोलतो, हे वेगळं लिहावं लागतं.

आणि एक प्रश्न तक्त्यात सुटतच नाही. वरच्या फाइलीत धैवत ५/३ आहे, म्हणजे ४००. षड्जाशी तो सुरेख जुळतो. पण रिषभ २७० आहे, आणि रिषभाचा पंचम ४०५ वर येतो. म्हणजे रे-ध ही जोडी धरली तर ४०० चा धैवत उतरा वाटतो, आणि ४०५ चा घेतला तर तो गांधाराशी भांडतो. या दोघांत साडेएकवीस सेंटचं अंतर आहे. समान विभागणीचा धैवत ४०३.६ वर, दोघांच्या मध्ये, दोघांशीही पूर्ण न जुळणारा. श्रुतींच्या तक्त्यात शुद्ध धैवताच्या दोन जागा दिसतात त्या याच.

भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच आहेत. देशकारात धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि त्यातला धैवत भूपातल्यापेक्षा चढा लागतो असं काही जाणकार सांगतात. त्याची परीक्षा घरी घेता येते. तंबोरा चालू ठेवा, सा रे ग प ध सावकाश वाजवा, धैवतावर थांबा. मग फाइल उघडून ५/३ ची ओळ २७/१६ करा, फाइल पुन्हा भरा, आणि तेच पाच स्वर त्याच पट्ट्यांवर परत वाजवा.